दिवा दस्तगीरचा, फेटा माझा

कऱ्हाडहून सकाळी जी गाडी सुटली ती गाडी नव्हतीच. चार चाकांवर बांधलेला पत्र्याचा ढोल होता. विट्यापर्यंत माझे चार दात हलले, आटपाडी येईतो पाचवा खिशात आला आणि सांगोल्याच्या शिवेवर शेजारच्या आजीबाईंची कोंबडी माझ्या मांडीवर अंडं घालून मोकळी झाली. मी ते अंडं इमानदारीत परत केलं.

"ऱ्हाऊ द्या की," आजीबाई म्हणाल्या, "मिल्ट्रीवाल्यास्नी ताकद लागती."

मी काही कपाळावर शिक्का मारून हिंडत नाही. पण निवृत्त हवालदाराची मान साठीतही सावधानमध्येच असते, ती लोक बरोबर ओळखतात.

सोलापुरात माझा सत्कार होता. कुणा भाविक मंडळानं माजी सैनिकांना बोलावलं होतं आणि पत्रिकेत माझं नाव सगळ्यांत वर होतं: 'हिमशिखरावर तीन दिवस मंदिराचा दिवा तेवत ठेवणारे हवालदार घोरपडे'. ते वाचून माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण उडून समोरच्यांच्या आमटीत पडलं. ही दिव्याची गोष्ट मी पंचवीस वर्षं सांगत आलोय. लग्नात, बारशात, दहाव्याला, न्हाव्याच्या खुर्चीत. तिच्यात खोट एकच. दिवा मी राखला नव्हता. राखला दस्तगीर मुलाणीनं, आणि तो सांगोल्याजवळच राहतो, सोलापूरच्या वाटेवर. या खेपेला ठरवूनच निघालो होतो, की त्याला सोबत घ्यायचं, स्टेजवर न्यायचं आणि जन्मात एकदा खरं सांगून टाकायचं.

सांगोला तालुक्यात त्या दिवसांत पाणी टँकरनं येत होतं. घागरींची रांग एवढी लांब की तिचं एक टोक विहिरीशी आणि दुसरं माढ्याच्या उसात असावं. ओढे कोरडे, बाभळी धुळीनं पांढऱ्या, मेंढरं सावलीच्या पट्ट्यापट्ट्यानं उभी. त्यात मधूनच डाळिंबाची एखादी बाग, हिरवी. तशाच एका बागेत दस्तगीर कात्रीनं फांद्या छाटत होता. कात्री डाव्या हातात. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही.

"आला व्हय उस्ताद!" तो ओरडला. "ह्या बारीला कंचा वाघ मारून आला?"

"वाघ नाही, सत्कार. तुलाही यायचंय."

"माजं काय काम तितं? मी टाळ्या वाजवाया येतो की. आट बोटांनी वाजवीन, जरा कमी वाजत्यात."

तो हसला. मी हसलो नाही.

घरी त्याची बायको हमीदाभाभी चुलीपुढं होती. "क्या भाईसाब, इत्ते दिनां के बाद याद आई?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता ताटली पुढं सारली. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची कढत, पातळ पेज). चटणी अशी जहाल की माझ्या कानांतून निघालेल्या धुरानं छपरातल्या चिमण्या खोकल्या. हात पुसायला उठलो तेव्हा भिंतीवर दिसलं: एका चौकटीत मक्केचं चित्र, शेजारच्या चौकटीत आमच्या पलटणीचा फोटो. फोटोत मध्यभागी पत्र्याचं मंदिर.

ते मंदिर म्हणजे केरोसिनची पिंपं कापून केलेली खोली. पलटणीत माणसाचे धर्म दोन असतात, एक आपला आणि एक पलटणीचा. आमचे कॅप्टन साहेब ख्रिस्ती, पण रविवारी मंदिर परेडला (सगळ्या जवानांनी ओळीनं देवळात जायचं, तेही हजेरी लावून) पहिली घंटा त्यांची. मंदिराची ड्यूटी पहाऱ्यासारखीच रजिस्टरवर नावानं लागे, त्यात जातधर्म कुणी बघत नसे. आणि चौकीचा एक नेम होता: गस्तीची तुकडी बाहेर असेल तोवर दिवा विझता कामा नये.

त्या वर्षी पंडितजी आजारी पडून खाली गेले. सात जणांची गस्त बाहेर पडली आणि वादळ सुरू झालं. थंडी अशी, की चहा आम्ही चावून खात होतो. रजिस्टरवर मंदिराच्या ड्यूटीला माझं नाव होतं. मी दस्तगीरला म्हणालो, "पोटात दुखतंय रे." पोट ठणठणीत होतं. तो गेला, आणि वादळानं तीन दिवस त्याला परत येऊ दिलं नाही. तेलाचा डबा कोटाच्या आत पोटाशी धरून त्यानं तेल पातळ ठेवलं. वात वळायला हातमोजा काढावा लागे. चौथ्या दिवशी सातही जण परत आले, दिवा जळत होता आणि दस्तगीरची दोन बोटं काळी पडली होती. विनापरवानगी ड्यूटी बदलली म्हणून दोघांना शिक्षा झाली असती. त्यानंच सांगितलं, बोटं बर्फ उपसताना गेली. शाबासकी रजिस्टरवरच्या नावाला मिळाली. मी गप्प राहिलो, आणि घरी आल्यावर गप्प राहणंही सोडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूर गाठलं. मंगल कार्यालय सात रस्ता चौकाजवळ. पुढं पुढाऱ्यांना सोफे, मागं सैनिकांना प्लास्टिकच्या खुर्च्या. माझ्या खुर्चीचा एक पाय निवृत्त झालेला. दारातल्या कार्यकर्त्यानं यादीवर बोट फिरवलं.

"मुलाणी? नाव न्हाई. आजचा कार्यक्रम देवळाच्या सेवेचा हाय, चाचा. ऐकायचं आसंल तर मागं बसा."

"बसतो की," दस्तगीर म्हणाला. दारातल्या तसबिरीपुढं समई होती. तिची वात काजळली होती. त्यानं चपला काढल्या, आठ बोटांनी वात पुढं सारली, काजळी झाडली आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. सवयीनं. कार्यकर्ता समईकडं बघत राहिला, मग त्याच्याकडं.

मला फेटा बांधला. इतका घट्ट, की विचार एका बाजूनं आत जायचा आणि दुसऱ्या बाजूनं नुसती वाफ निघायची. शाल दिली, नारळ दिला आणि स्मृतिचिन्ह म्हणून सेलवर चालणारा प्लास्टिकचा दिवा दिला, त्याला बटण. मी माईक धरला. आणि बघा माझी जीभ! सुरुवात खऱ्यानं करायची, तर आधी चावून खाल्लेला चहाच तोंडातून निघाला. सभागृह खदखदून हसलं. त्या हसण्यावर मी म्हणालो, "मंडळी, तो दिवा मी राखला नाही. मी पोटदुखीचं सोंग केलं. दिवा राखला त्या मागं बसलेल्या दस्तगीर मुलाणीनं. त्याचे हात बघा."

लोक आणखी हसले. ही थाप आधीच्या थापेपेक्षा मोठी वाटली असणार. अध्यक्षांनी माझ्या हातातला माईक घेतला. "याला म्हणतात नम्रता! स्वतःचं पुण्य दुसऱ्याच्या ओंजळीत टाकलं! चाचा, उभे राहा बघू. काय म्हणतात हवालदार साहेब, खरं आहे?"

दस्तगीर उभा राहिला. सावधान. उजवा हात त्यानं विजारीच्या शिवणीला लावला, मूठ मिटलेली.

"न्हाई साहेब. रजिस्टरात उस्तादांचं नाव हाय. मी आजारी हुतो," तो म्हणाला. "माजं पोट दुखत हुतं."

टाळ्यांनी पत्रे उडायचे बाकी होते. हे मी वाढवून सांगत नाही.

परतीची गाडी मंगळवेढ्याकडं लागली. दोन्ही बाजूंना कापलेल्या ज्वारीची धसकटं.

"का रे?" मी विचारलं.

"मग काय म्हणू? हितनं गावात गेलो की आमचं लोक म्हणतील, देवळात दिवा कशापाय लावला? आन् तुमच्या त्या अध्यक्षास्नी सांगितलं आसतं, की वात वळताना मी कलमा म्हणत हुतो, तर त्यांनी दिवाच बाटवला म्हणलं आसतं. तितं सात माणसं बाहीर हुती, उस्ताद. देव कुणाचा, ते इचारायला सवड नव्हती. हितं सगळ्यास्नी सवडच सवड हाय. त्या दिव्याची वाटणी करायला न्हाई दिली मी बोटं."

"पण मी खोटा ठरलो तो ठरलोच."

"ते नवं न्हाई." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मला तवाच ठावं हुतं. पोट दुखणारा गडी हलव्याचं दोन डबं खात न्हाई."

"ठाऊक होतं, तरी गेलास?"

"दिवा ठिवायचा हुता की."

सांगोला आलं. शाल त्याच्या खांद्यावर टाकायला गेलो, तर त्यानं ती घडी करून माझ्याच मांडीवर ठेवली. नारळ मात्र घेतला. हमीदाला चटणीत लागतो म्हणाला. उतरला आणि धुळीतून चालत गेला, मागं वळला नाही. परतीला गाडी तीच होती, पण एकही दात हलला नाही; दात मी आवळूनच बसलो होतो.

कऱ्हाडला चावडीवर मंडळी वाट बघत होती. मी जे घडलं ते घडलं तसं सांगितलं, एक शब्द चढवला नाही. मंडळी पोट धरून हसली. "हवालदार, ही थाप म्हंजी बाकी कडेलोट झाला!" म्हणाली आणि चहा माझ्याच नावावर प्याली.

प्लास्टिकचा दिवा आमच्या सौभाग्यवतींनी देव्हाऱ्यात ठेवला आणि बटण चालू केलं. तीन दिवस जळला. चौथ्या दिवशी सकाळी विझला.

"अहो, सेल संपले," ती म्हणाली. "दुकानातून घेऊन या. आपल्या मानाचा दिवा आहे, विझलेला बरा नाही दिसत."

मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. म्हटलं, पोटात दुखतंय.

ती हसली. आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते खरंच दुखत होतं.