रातांब्याचा डाग

खालच्या घरातले भाडेकरू सामान बांधत होते आणि मी त्यांच्या हॉलमध्ये उकिडवा बसून फरशीवरचा डाग बघत होतो. तो संगमरवर माझ्या बायकोनं हट्टानं बसवून घेतलेला. ती गेल्यावर मी वरच्या खोलीत राहायला गेलो आणि खालचं घर सांगलीकडच्या एका तरुण जोडप्याला दिलं. आता त्यांची कोल्हापूरला बदली झाली होती.

उन्हाळ्यात मीच त्यांना कोकमाचे टोपलीभर रातांबे दिले. आमसुलं कशी करायची तेही ऐटीत सांगितलं. पण मिठातला रस जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात ठेवायचा नसतो, हे सांगायचं सुचलंच नाही. इकडे कोकणात जन्मलेल्याला ते सांगावं लागत नाही. ती दोघं गावी गेलेली असताना आंबट रसानं पातेल्याला भोकं पाडली आणि तो फरशीत लालभडक मुरत राहिला.

गवंडी म्हणाला, "घासून जायचा नाय तो. लादी काढायला हवी."

डाग त्यांचा, रातांबे माझे. डिपॉझिटमधून कापावं की सगळं परत द्यावं, यावर मी बरंच डोकं शिणवलं. खरं तर लादी गेली खड्ड्यात. ती मुलगी रोज संध्याकाळी खालून हाक मारायची, "काका, चहा टाकलाय." पैसे माझ्याकडे अडकले, तर ते न्यायला तरी दोघं एकदा येतील, एवढाच माझा डाव होता.

टेम्पो भरल्यावर मी घसा खाकरला. "लादीचा खर्च कळू दे. उरलेलं डिपॉझिट गणपतीनंतर येऊन घेऊन जा. दोन दिवस राहायलाच या."

"मोबाइलवर पाठवा की काका," नवरा म्हणाला. "तेवढ्यासाठी परत कुठं येणार?"

"मला ते जमत नाही." कोळणीलाही मी मोबाइलवरूनच पैसे देतो.

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान डोलावली, तसा तो म्हणाला, "मग राहू द्या काका, सगळंच ठेवून घ्या."

अगदी सरळ मनानं. मला राग आला, आणि रडूही. तिथंच उभ्याउभ्या मी मोबाइल काढला आणि सगळं डिपॉझिट त्याला पाठवून दिलं. तो चकित होऊन बघत राहिला. तिनं वाकून नमस्कार केला आणि टेम्पो निघाला.

लादी मी बदललेली नाही. संध्याकाळी खाली जाऊन चहा टाकतो आणि डागाशेजारी खुर्ची घेऊन बसतो. आता त्यांचं माझ्याकडे काहीच राहिलेलं नाही. मग ती कशाला येतील?