बाळूचा हुर्रे

आधी मुरुगन अण्णांचं नाव घेतो. तुतिकोरिन बंदरात आम्ही दोघं ट्रेलर चालवतो. बाळू गेल्याचा फोन आला तेव्हा मला रजा मिळेना. अण्णा स्वतः गावी निघाले होते, ते थांबले. साहेबाला म्हणाले, "याची पाळी मी करतो, जाऊ द्या याला." म्हणून निदान दशक्रियेला तरी पोचलो.

बाळू पिंपरी पेंढारचा, माझ्या बरोबरीचा. शाळा आम्ही नववीतच सोडली. मी पोटामागं इतका लांब आलो. तो गावीच राहिला आणि बैलगाड्यांच्या शर्यतीत माईकवर बोलू लागला. जुन्नर-आंबेगावात यात्रा कुठलीही असो, गाडे पळतात त्या घाटात आवाज बाळूचाच.

एका सुट्टीत मी त्याला अण्णांकडून ऐकलेली 'हुर्रे'ची गोष्ट सांगितली. शिडाच्या जहाजांवर दोर ओढताना गोरे खलाशी एका दमात ओरडायचे, त्यातून हा शब्द आला म्हणतात. खरंखोटं कुणालाच ठाऊक नाही. पण रीत ठरलेली... एकानं 'हिप हिप' म्हणायचं, बाकीच्यांनी 'हुर्रे'.

"म्हंजे येकट्यानं वरडायचा शब्दच न्हाई ह्यो! लई भारी राव!" बाळू म्हणाला.

पुढच्याच यात्रेचा व्हिडिओ आला. गाडा निशाणाला पोचला, बाळूनं 'हिप हिप' केलं आणि अख्खा घाट गरजला. मी ट्रेलरच्या केबिनमध्ये बघत होतो. आनंद झाला असं लिहायला हवं, पण जळलो. शब्द मी नेला, नाव त्याचं झालं. पाहुणे मलाच फोनवर सांगायचे, "तुमच्या बाळूनं काय शब्द काढलाय!" एकदा केबिनमध्ये मीही म्हणून पाहिलं, हिप हिप... समोर नुसते कंटेनर.

आमच्याकडं दशक्रियेला नदीकाठी माईक लावून श्रद्धांजलीची भाषणं होतात. जो उठला तो बाळूच्या हुर्रेवरच बोलला. माझं नाव पुकारलं तेव्हा ठरवूनच उठलो, आज सांगायचंच की शब्द कुणी आणला. नीट पहिल्यापासून सांगावं म्हणून म्हणालो, "तर आधी एकानं म्हणायचं, हिप हिप..."

"हुर्रे!"

सगळी माणसं. सवयीनं. मग कुणी जीभ चावली, कुणी मान खाली घातली. मला वाटलं, दुखवट्यात हे काय करून बसलो! बाळूची बायको, मंदावहिनी, पदरानं डोळे पुसत होती. ती म्हणाली, "म्हना की भाऊ आजून येकदा. त्यांच्यासाठी म्हना."

म्हणालो. आधीपेक्षा मोठ्यानं उत्तर आलं. ते मला नव्हतं, त्याला होतं. गेल्यावरसुद्धा एवढी माणसं त्याला ओ देत होती... मी माईक ठेवला. शब्द कुणी आणला ते राहूनच गेलं. आज इथं लिहिलं, कारण बाळूवर मी अजून जळतो, आणि त्याच्यावाचून करमतही नाही.

परत आलो तेव्हा अण्णा गेटवरच उभे होते, जागरणानं डोळे तांबारलेले. गावी जायचं त्यांचं राहून गेलं ते गेलंच. कधीतरी त्यांनाही असाच फोन येईल. त्या दिवशी त्यांना रजेसाठी साहेबाकडं जावं लागणार नाही. त्यांच्या ट्रेलरवर मी बसलेला असेन.