अर्धा पुसलेला मासा

वंदनाताईंच्या अंत्यसंस्काराला मी गेले नाही. त्यांच्या मुलाचा मेसेज आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते. वाचला, फोन पालथा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या जयंती मंडळातल्यांना नंतर सांगितलं, कामावरून सुट्टी मिळाली नाही. ते खोटं होतं. नऊ दिवस आधी मी त्यांना हॉस्पिसमध्ये भेटून आले होते, आणि त्या भेटीनंतर त्यांच्यासमोर हात जोडणं मला जमलं नसतं... आज पाच आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तेही राग गेला म्हणून नाही.

आमची ओळख हाउन्सलोच्या एका हॉलमधली, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमातली. माझे बाबा नागपूरला चळवळीची पत्रकं छापायचे. त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले, आणि इथे शिकायला आल्यावरही ती खोड गेली नाही. संग्रहालयांनी जगभरातून उचलून आणलेल्या वस्तूंवर एक जळजळीत पत्रक लिहून मी दाराशी वाटत उभी होते. साडीवर जाड कोट घातलेल्या एका बाईंनी ते उभ्याउभ्या वाचलं. “चांगलं झोडपलंयस,” त्या म्हणाल्या. “पण खाली लिहिणारीचं नाव नाही. मग तुझ्यात आणि त्या म्युझियमवाल्यांत फरक काय?” त्या स्वतःच केंब्रिजच्या एका लहान संग्रहालयात जुन्या कागदांची निगा राखतात, हे चहाच्या वेळी कळलं आणि मी ओशाळले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला तिथे नेलं. चिनी लोककलांच्या दालनात मातीचे वाघ होते, भरतकाम केलेले लहान मुलांचे बूट होते, लाल कागदाची नाजूक कात्रणं होती. प्रत्येक वस्तूखाली एकच ओळ, ‘कारागीर अज्ञात’. ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “अज्ञात कुणाला? तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक असणार.” हे वाक्य मी पुढे किती भाषणांत वापरलं असेल, सांगता येत नाही. जे माझ्या बाबांनी कागदावर मांडलं, ते ही बाई नोकरीत राहून करते आहे, असं मला वाटायचं.

याच हट्टातून त्यांनी वॉटफर्डच्या लिनआजींना शोधून काढलं. ऐंशीच्या पुढच्या, काटकुळ्या, मिश्कील. नव्या वर्षाला खिडकीवर लावायची लाल कात्रणं त्या डोळे मिटूनही कापतील अशा. ताईंना त्या ‘कागदाची डॉक्टर’ म्हणत आणि मला ‘डॉक्टरची शेपटी’. त्यांनी आपली पेटी संग्रहालयाला दिली आणि दालनात पहिल्यांदा एका कारागिराचं नाव लागलं. त्या दिवशी मी रडले होते.

त्याच्या काही दिवस आधी ताईंनी मला त्यांच्या कामाच्या खोलीत एक कागद दाखवला होता. डावीकडचा अर्धा काजळीने काळा, त्यात माशाचा अर्धा पांढरा आकार. उजवीकडचा अर्धा स्वच्छ. “कात्रणांमध्ये घातलेले कागद. चुलीपाशी राहून काळे झालेत, वरच्या कात्रणाची छाप तेवढी उरलीय. सतरा आहेत. कोरड्या स्पंजने सगळे पुसले, हा एक शिकाऊ पोरांना दाखवायला अर्धा ठेवला.” मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

नंतरची चार वर्षं आजी प्रत्येक भेटीत विचारायच्या, आईचे नमुने कसे आहेत? एखाद्या दवाखान्यातल्या नातेवाइकाची चौकशी करावी तसं. ताई मला सांगायच्या, त्यांना सांग, उजेड सोसत नाही, अंधारात जपून ठेवलेत. मी तो निरोप वॉटफर्डला पोचवत राहिले. नमुने म्हणजे लाल कात्रणंच, असं मी धरून चालले होते.

हॉस्पिसमध्ये ताईंनी मला खुर्ची जवळ ओढायला लावली. “ती घाण नव्हती गं,” त्या म्हणाल्या. मग थांबत थांबत सांगितलं. खिडकीवरचं कात्रण उन्हाने विटतं, ते दरवर्षी फेकायचंच असतं. जपतात तो नमुना. ओल्या पांढऱ्या कागदावर कात्रण ठेवून तो दिव्याच्या धुरावर धरतात. कागद काळा होतो, कात्रण उचललं की पांढरी आकृती उरते. त्यावरून मुलगी पुन्हा कापते, मग तिची मुलगी... दालनात आजींचं नाव लागलं त्या दिवशी आजींनी त्यांना हे हौसेने समजावलं होतं. तेव्हा सोळा कागद कोरे झालेले होते. फाइलमध्ये ताईंनी लिहिलं, ‘आले तेव्हाच खराब’.

का, एवढंच मी विचारलं.

“त्या खुर्चीत आपल्यातलं कुणी पहिल्यांदाच बसलं होतं. मी चुकले असते तर मी एकटी चुकले नसते.”

हे मला कळत नाही असं नाही. चांगलंच कळतं. पण त्यासाठी त्यांनी दोष ढकलला तो एका म्हातारीच्या पेटीवर, आणि खोटं पोचवायला निवडलं मला, ज्या पोरीला खाली नाव घालायला त्यांनीच शिकवलं होतं. मी खुर्ची मागे सारून उठले. ती शेवटची भेट.

संग्रहालयाला मी सगळं लेखी कळवलं. फाइल दुरुस्त करू म्हणाले, पण लेबलवर कर्मचाऱ्यांची नावं घालायची पद्धत नाही. आजींना मी तो अर्धा मासा बघायला घेऊन गेले. त्यांची कात्री बाहेर लॉकरमध्ये ठेवायला लावली. त्यांनी खूप वेळ कागदावरून हवेत बोट फिरवलं. घरी परत आल्यावर स्वयंपाकघरात लाल कागद मधोमध दुमडला आणि अर्ध्या आकृतीवरून आख्खा मासा कापला. उलगडून टेबलावर ठेवला.

“हा एक. बाकीचे सोळा?”

“राहिले नाहीत,” मी म्हणाले.

“डॉक्टरला माहीत होतं?”

“हो.”

त्या कात्री पुसत राहिल्या. “मग विचारलं का नाही? काही तरी आठवलं असतं तेव्हा. मी तर वॉटफर्डलाच होते.”

तो मासा आता माझ्या खिडकीवर आहे, आणि विटायला लागला आहे. लावण्याआधी मी तो ओल्या कागदावर ठेवून दिव्यावर धरला. स्मोक अलार्म दोनदा वाजला, पण नमुना उतरला. कागदावर शाई वापरायची नाही, पेन्सिलच, हेही ताईंनीच शिकवलेलं. म्हणून खाली पेन्सिलीने दोन नावं घातली. जिने काढला ती आजींची आई, चेन श्यूलान. जिने पुसला ती, वंदना गजभिये.