बोटभर पेन्सिली

मंगळवार, ९ जुलै १९८५. सकाळपासून शिंकांनी हैराण. टेलरमास्तरांची लेक भिंगरी आज वर्गात नव्हती. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी बोलावून मास्तरांची लेखी तक्रार दाखवली: पहिलीच्या बाई मुलांच्या नव्याकोऱ्या पेन्सिली मोडतात. शनिवारपर्यंत मिटवा, नाहीतर पहिलीचा वर्ग दुसऱ्या कोणाला देते, म्हणाल्या. शाळा सुटल्यावर दुकानात जाणार.

बाईंनी डायरीत टिपलेली ही तक्रार खोटी नव्हती. बाई पेन्सिली मोडतच. एकवीस वर्षं त्यांनी पहिलीचाच वर्ग धरून ठेवला होता आणि दर वर्षी पहिल्या महिन्यात प्रत्येक पेन्सिलीचे तीन तुकडे करून त्या टोकं काढत बसत. लांब पेन्सिल लहान मूल काठीसारखी मुठीत धरतं आणि अख्खा खांदा हलवून लिहितं. बोटभर तुकडा मुठीत धरून भागतच नाही, तो आपसूक तीन बोटांत येतो. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. हात दुखतो म्हणून रडणाऱ्या मुलांच्या मुठी बघून बघून त्यांनी ते शोधलं होतं. वरच्या वर्गातले शिक्षक एखादी वही उघडून म्हणत, "हे पोरगं बाईंच्या हाताखालचं." बाई "काहीतरीच तुमचं" म्हणत आणि घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं डायरीत उतरवत. नवरा गेल्यावर मुलगा म्हणाला होता, "आई, आता सोड नोकरी." तर म्हणाल्या, "आणि माझ्या बत्तीस पोरांचा हात कोण वळवणार, तू?"

दुकानात मास्तर कापडावर खुणा करत होते. भिंगरी मशीनखाली चिंध्या गोळा करत बसली होती.

"या बाई," मास्तर मान वर न करता म्हणाले. "संपली का मोडतोड?"

"कुठली? तुमच्या लेकीची एक राहिलीये."

"ती मिळायची नाही. घरी अख्ख्या पेन्सिलीने लिहिते ती. काल दोन पानं भरली."

"मग बघू तरी."

मास्तरांनी खाकी कागदाचा तुकडा पुढे सरकवला. भिंगरीने पेन्सिल मुठीत आवळली, जीभ बाहेर काढली आणि 'ग' काढायला घेतला. उभी रेघ ओढताना कागद टर्रकन फाटला. तिने हात झटकला.

बाईंनी पर्समधून एक तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला. भिंगरीने तो उचलला तो तीन बोटांतच. आधी गोलाई आली, मग उभी रेघ, मग वरची आडवी. कागद शाबूत राहिला.

मास्तर अक्षराकडे बघतच नव्हते. ते लेकीच्या बोटांकडे बघत होते, आणि मग आपल्या चिमटीतल्या खडूकडे. खडू झिजून नखाएवढा उरला होता.

"नव्या खडूने माझीही रेघ हुकते," ते पुटपुटले. त्यांनी अख्खी पेन्सिल उचलून मशीनच्या कडेवर दाबली. कटकन मोडली. "एवढी चालेल?"

"अजून एक बोट कमी."

"मापाला तुम्ही माझ्याहून कडक, बाई."

बुधवारी मास्तर भिंगरीला शाळेत सोडायला आले आणि तक्रारीचा कागद परत मागून घेतला. मोठ्या बाई कागद देताना बाईंना म्हणाल्या, "पण मोडण्याआधी पालकांना एकदा सांगायला काय होतं हो तुम्हाला?" ते मात्र बरोबर होतं. एकवीस वर्षांत बाईंना ते सुचलं नव्हतं, आणि त्यांनी तसं कबूलही केलं. मग त्या वर्गावर गेल्या. बत्तीस तुकडे बत्तीस चिमटींत चालत होते. बाई बाकांमधून ताठ मानेने हिंडल्या, कुठे एक अंगठा जरासा सरकवत.

संध्याकाळी त्यांनी डायरीत लिहिलं: वर्ग माझ्याकडेच राहिला. मोरीतला नळ गळतो आहे, खाली बादली लावली.