कादंबरीत सापडलेली क्षेमंकरी

कृष्णनगरात क्षेमंकरी लग्नं जुळवायची. विधवेचं पांढरं लुगडं, गालात पान आणि सगळ्या गावाची कुळं जिभेच्या टोकावर. ती दारात आली की पडदा वर गेल्यासारखं घर जागं व्हायचं.

मग गावातल्या भवतोषबाबूंनी, इंग्रज साहेबांच्या कादंबऱ्या वाचवाचून, बंगाली मासिकात स्वतःची कादंबरी सुरू केली. राजपुत्र नाहीत, किल्ले नाहीत. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, अशी प्रतिज्ञा. तिसऱ्या प्रकरणात एक लग्नं जुळवणारी बाई आली. गालावर चामखीळ, आणि पंचेचाळिशीचा नवरदेव अठ्ठावीसचा म्हणून खपवणारी! दुपारी बायका जमून अंक मोठ्यानं वाचायच्या. नाव निराळं होतं, पण ओळखायला कितीसा वेळ लागतो? आठवड्यात दोन सोयरिकी फिसकटल्या. सरकार आडनावाच्या घरातल्या हरिमतीची तेवढी उरली. तीही गेली की धंदा बुडाला.

क्षेमंकरी तडक भवतोषबाबूंच्या ओसरीवर.

"काय रे मेल्या, तुझं लग्न कुणी जुळवलं?"

"तुम्हीच, मावशी."

"आणि माझ्याच पोटावर पाय?"

"मी खरं तेच लिहिलं."

"खरं? चामखीळ डाव्या गालावर लिहिलीस. ही बघ, उजव्या!"

भवतोषबाबूंचा चेहरा खर्रकन उतरला. "पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो."

"चुलीत घाल ती दुरुस्ती! उद्या हरिमतीला बघायला येतायत. तू चल, आणि या खेपेला नीट बघ."

दुसऱ्या दिवशी बाबू वही-पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसले, आणि दोन्ही घरं गारठली. रिवाजाप्रमाणे नवऱ्यामुलाची आई हरिमतीचे केस सोडून बघायला गेली, तोच बाबूंनी पेन्सिल उचलली. बाईनं हात मागे घेतला.

"लिहा बाबा, आमचा मुलगा दोनदा नापास झालाय."

मुलीचे वडील कसले मागे राहतात! "आमच्या पोरीला खिचडीपलीकडे काही येत नाही. तुम्ही खाल्लंत ते रोहूचं कालवण शेजारणीचं." मुलीच्या थोरल्या मामांनी तर कुणी न विचारताच कलप कबूल केला.

मग मान खाली घालून बसलेली हरिमती खुदकन हसली. मुलाच्या आईलाही हसू आवरेना. "अहो, माझ्या वेळचं कालवणसुद्धा शेजारणीचंच होतं!"

बोलणी पक्की झाली.

बाहेर आल्यावर भवतोषबाबूंनी कोरी वही पुढे केली. "मावशी, कुणी खोटं बोललंच नाही. लिहू काय?"

"ते तुझं तू बघ. परवा घोषांकडच्या सोयरिकीला जायचंय. पेन्सिलीला टोक काढून ये."