मार्थानं न काढलेलं नाक

मार्था गेल्याचं मला मोबाइलवर कळलं आणि रडू यायच्या आधी संताप आला. ज्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत आम्ही दोघी नऊ वर्षं शेजारी बसलो, त्यानं तिला श्रद्धांजली वाहिली होती. जोडलेल्या हातांची चिन्हं, आणि खाली एका कार्टून कोळणीचं चित्र. टोकदार नाक, खालून आलेला हिरवट उजेड, काळवंडलेला चेहरा. ‘मार्थाची अजरामर निर्मिती.’ पाच आठवडे झाले, ते शब्द डोक्यातून जात नाहीत. तो चेहरा मार्थानं काढलेला नव्हता... मी काढलेला होता.

सातिवलीत एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. लहान मुलांच्या मालिकांसाठी मार्था पात्रं घडवायची, मी त्यांच्यावरचा रंग आणि प्रकाश बघायचे. ती वसईच्या पाचूबंदरची, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातली. डोळे-नाक काढण्याआधी ती नुसता आकार काढी. ठाण मांडून बसणारं माणूस खाली रुंद, सतत पळायच्या बेतात असलेलं माणूस पुढे कललेलं. सावली बघून स्वभाव कळला नाही तर पात्र फुकट, असं ती म्हणायची. एका मालिकेसाठी तिनं मासे विकणारी बाई काढली ती थेट आपल्या आईवरून. गोल खांदे, रुंद बैठक, गडद जांभळं लुगडं, आणि गालावर बोंबील वाळत घातलेल्या दुपारचं पिवळं ऊन.

स्टुडिओ चालवणाऱ्या सरांना ती फार गोड वाटली. त्यांना भांडकुदळ, कपटी बाई हवी होती. नाक लांब ओढा, हनुवटी ओढा, कातडी आणखी काळी करा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मार्था उभी राहिली. “सर, काळा रंग म्हणजे स्वभाव नाही,” एवढंच बोलली, आणि फाइल बंद केली. सरांनी ती फाइल माझ्याकडे दिली. मी नाही म्हणू शकले असते. एका दुपारात मी ते नाक ओढलं, ऊन काढून टाकलं, उजेड खालून दिला. लुगडं आणि बसण्याची ढब मात्र तशीच राहिली...

म्हणूनच मालिका लागल्यावर मार्थाच्या आईला सगळ्यांनी ओळखलं. बाजारात गिऱ्हाइकं त्या पात्राच्या नावानं तिला हाका मारू लागली, हसू लागली. एका संध्याकाळी आईनं टीव्हीकडे बोट करून लेकीला विचारलं, “ही मी हाय काय गो?” दुसऱ्या दिवशी मार्थानं राजीनामा दिला. माझ्याशी भांडली नाही, बोलणंच टाकलं. मीही गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

तीन वर्षांनी तिनंच निरोप धाडला, तेव्हा आजार हाताबाहेर गेला होता. मी माफी मागायची जुळवाजुळव करत होते, तिनं हातानंच थांबवलं. “तू वाईट काम केलं असतंस तर कुणी विश्वास ठेवला नसता,” ती म्हणाली. “उजेड इतका छान टाकलास, त्याचीच चीड आहे मला.” माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मला त्याचाही राग आला, खोटं कशाला सांगू. आता वाटतं, तिचं बरोबर होतं.

श्रद्धांजली बघून मी सरांना फोन केला. ते चित्र काढून टाका म्हटलं. लोक तिला त्याच पात्रामुळे ओळखतात, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग मी त्या चित्राखाली लिहिलं, हा चेहरा मी बदलला आहे, मार्थानं नकार दिला होता. दहा मिनिटांत ते पुसलं गेलं. हे इथे लिहिते आहे ते म्हणून.

चर्चमधल्या तिच्या महिन्याच्या मिस्सानंतर तिच्या घरी गेले. तिच्या आईनं, म्हणजे मावशींनी, मला तिची खोली उघडून दिली. भिंतभर कागद, आणि प्रत्येकावर मावशीच. पहाटे टोपली उचलताना, तापानं फणफणलेल्या, गिऱ्हाइकावर उखडलेल्या. त्या शेवटच्या चित्रात उजेड लालभडक होता, पण खांदे गोलच. रागावलेली बाई होती ती, दुष्ट नव्हे. मार्था इतकी वर्षं हेच करत बसली होती. पुरवणीत या लेखाबरोबर द्यायला एक फोटो घ्यावा म्हणून मी मोबाइल वर धरला, तशी मावशींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“छापू नको बाय. परत कोनीतरी माजं नाक वडंल.”

म्हणून या लेखाबरोबर चित्र नाही.