अक्कांचं कापलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी रिक्षावाल्याशी झालेली हुज्जतसुद्धा दोन-दोनदा सांगते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे हे सांगायला लागले की माझा आवाज चढतो, आणि समोरच्याला कळेल की तो कशाने चढला आहे. इथे निदान तो ऐकू जाणार नाही.

लाजेने चढत नाही तो. आनंदाने चढतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. त्या दिवसाची आठवण आली की आजही छातीत धडधडतं, हात शिवशिवतात, आणि मग — मग बाकीचं आठवतं. पण आधी आनंदच येतो. दर वेळी.

माझं माहेर चाळीसगावचं, सासर धुळ्याचं. धुळ्यातल्याच एका सरकारी कार्यालयात मी कंत्राटावर काम करते. कार्यालयाचं पेज सांभाळायचं, लोकांच्या कॉमेंटना उत्तरं द्यायची, तक्रारीच्या नंबरवर आलेले मेसेज वाचून योग्य त्या टेबलावर पोचवायचे. ऐकायला सोपं वाटतं ना? सकाळी फोन हातात घेतला की कुणी योजनेचा फॉर्म मागतं, कुणी नुसतं गुड मॉर्निंगचं फूल पाठवतं, कुणी भलत्याच खात्याला घालायच्या शिव्या आम्हाला घालतं. शिव्यांनाही 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत' असं लिहायचं. मला हे काम आवडतं. खरंच आवडतं.

आमच्याकडे एक रजिस्टर आहे. तक्रारीवर काही पोस्ट टाकायची असेल तर आधी त्यात नोंद करायची आणि तीन चौकटींत बरोबरची खूण करायची — नाव झाकलं, नंबर झाकला, चेहरा झाकला. खाली सही. तीन खुणा झाल्या की पोस्ट टाकायला मोकळं. साहेबांनीच ती पद्धत घालून दिली होती, आणि ती चांगलीच होती. कितीतरी माणसं त्या तीन खुणांच्या भरवशावर आमच्याशी बोलायची.

पण आमचं पेज कोण बघत होतं? आम्हीच. साहेब लाइक करायचे, मी लाइक करायचे, शिपाईकाका करायचे. जयंतीचे फोटो, बैठकीचे फोटो, वृक्षारोपणाचे फोटो — त्यात रोप कमी आणि माणसं जास्त. आढावा बैठकीत शेजारच्या कार्यालयाच्या पेजचं कौतुक व्हायचं आणि आमचे साहेब खाली बघायचे. माझं कंत्राट दर वर्षी नव्याने होतं, तेव्हा मीही खाली बघायचे.

आणि मग तो व्हॉइस मेसेज आला.

एका गावातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंचा. गावाचं नाव सांगणार नाही, बाईंचंही नाही — आता तरी नाही. आपण त्यांना अक्का म्हणू, सगळं गाव म्हणतंच. अक्कांना लिहिता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या मुलीच्या फोनवरून त्या बोलल्या होत्या. अस्सल खान्देशी, खणखणीत.

"साहेब, आठला तांदूय इतला जुना शे का त्यामाधला किडास्लेबी नातू व्हई ग्यात. चांगला तांदूय बठ्ठा कोठे जास, ते तुम्हीच शोधा. तुमना पोरेस्ले हाऊ भात वाढशात का?"

मी हसले. मग परत लावला आणि अंगावर काटा आला. किड्यांनाही नातवंडं झाली — असं कोण बोलतं हो? बठ्ठा म्हणजे सगळा; सगळा चांगला तांदूळ जातो कुठे, हेही विचारून मोकळ्या. आणि तो शेवटचा प्रश्न, तुमच्या पोरांना हा भात वाढाल का! पोटातून आलेला. दहा वेळा तरी मी तो ऐकला असेन. कानाला हेडफोन लावून, खुर्चीत पुढे-मागे डुलत. मला माझ्या मावशांची आठवण झाली, आखाजीची आठवण झाली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडाला झोके बांधतात आणि बायका झोक्यावर गाणी म्हणतात. प्रत्येक गावात एक तरी बाई असते की जिच्या आवाजामागे बाकीच्या जातात. हा तसा आवाज होता. हे मला पहिल्या वाक्याला कळलं होतं. हे लक्षात ठेवा — मला कळलं होतं.

मी रील करायला घेतली. पडद्यावर नुसता तांदूळ, अक्कांनीच पाठवलेल्या व्हिडिओतला, त्यात वळवळणारे किडे. वर अक्कांचा आवाज. खाली ठसठशीत अक्षरांत त्यांचे शब्द. नाव नाही, नंबर नाही, चेहरा नाही. रजिस्टरमध्ये तीन खुणा केल्या आणि झोकात सही केली.

इथे थोडं थांबते. कारण मी तुम्हाला अक्कांचा मेसेज पूर्ण सांगितलेला नाही.

प्रश्नानंतरही मेसेज चालू होता. मग फोन तोंडाजवळ घेतल्यासारखा आवाज आला, हळू — "साहेब, मनं नाव कोनले सांगू नका. मना हातनं काम जाई."

तेवढंच. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ. मी ते कापलं.

का कापलं? रीलचा शेवट प्रश्नावर हवा होता म्हणून. त्या प्रश्नानंतर ते हळू वाक्य आलं की सगळा जोर जात होता. कात्री कुठे लावायची हे मला बरोबर कळतं, त्याचा मला अभिमान आहे. आणि नाव तर मी सांगतच नव्हते ना? असं मी स्वतःला म्हटलं. पण ज्या बाईच्या आवाजावर पाच गावं गाणी म्हणतात तिचं नाव सांगायची गरज असते का? मी खान्देशातलीच आहे. मुंबईहून आलेल्या कुणी हे केलं असतं तर गोष्ट वेगळी. चौकटी तीनच होत्या, हे खरं. चौथी नव्हती म्हणून मला कळलं नाही, हे खरं नाही.

सकाळी अकराला रील टाकली. चहा येईपर्यंत आमच्या आजवरच्या सगळ्या पोस्टपेक्षा जास्त लोकांनी ती पाहिली होती. दुपारच्या जेवणात मी डबा उघडला आणि तसाच ठेवला — कोण जेवणार? आकडा डोळ्यांसमोर पळत होता. जळगावहून, नाशिकहून, पुण्यातल्या आमच्या लोकांकडून कॉमेंट येत होत्या. साहेब केबिनमधून बाहेर आले, माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "वरून फोन होता. त्यांनी पण पाहिलंय." साहेब कधी उभे राहत नाहीत कुणाच्या टेबलापाशी. मला वाटलं, आता मी उडणार. खरंच वाटलं. लग्नात वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं.

त्याच गडबडीत एक कॉमेंट आली. "हाऊ आवाज ते आमना गावमा दर आखाजीले झोकावर आयकू येस." खाली हसणारी चिन्हं.

मी ती वाचली. रील काढून टाकायला किती वेळ लागतो? एक बोट. ते बोट मी उचललं आणि कॉमेंट लपवली. रील ठेवली. लपवलेली कॉमेंट आपल्याला वाटतं गेली, पण ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. आणि त्याचे मित्र कोण? अख्खं गाव.

आठवड्याच्या आत त्या शाळेत नवा तांदूळ पोचला. स्वच्छ, पांढरा. चौकशी लागली, चांगला तांदूळ परस्पर विकणारा माणूस सापडला. पोरं खिचडी खातानाचा फोटो आम्ही टाकला, चेहरे झाकून, तीन खुणा करून. त्याही दिवशी मी आनंदाने रडले. तो आनंद खोटा नव्हता. पोरांच्या ताटात खरंच चांगला भात पडला.

आणि त्याच आठवड्यात अक्कांना शाळेतून काढलं. तांदूळ विकणारा शाळेच्या समितीतल्या एकाचा भाचा निघाला. कागदावर कारण काय? वय झालं. पोरं चांगला भात खात होती तेव्हा तो शिजवायला अक्का नव्हत्या.

अक्का एसटीने धुळ्याला आल्या. स्टँडवरून विचारत विचारत, चालत, उन्हात. ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. साहेब येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसल्या, मग सरळ त्यांच्या केबिनमध्ये. मला आत बोलावलं.

"मी सांगेल व्हतं ना साहेब," अक्का म्हणाल्या, "मनं नाव सांगू नका म्हनीसन?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवून म्हणाले, "तू मेसेज पूर्ण ऐकला नव्हतास का? बाईंनी असं सांगितलं होतं?"

साहेब वाईट नाहीत. मी खरं बोलले असते तर ते रागावले असते, कदाचित माझं कंत्राट गेलं असतं. पण कार्यालयाची चूक आहे असं एक पत्र समितीला गेलं असतं, तक्रारदार बाईला काढता येणार नाही म्हणून. त्या पत्राने अक्कांचं काम परत मिळालं असतं. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. साहेब ते पत्र लिहायला तयार होते. त्यांना फक्त माझा हो हवा होता.

मी म्हटलं, "नाही सर, असं काही नव्हतं. ऐकवू का?"

आणि मी त्यांना रील ऐकवली. मूळ मेसेज मी सकाळीच पुसला होता, बाहेरच्या बाकावरून अक्कांचा आवाज ओळखू आला तेव्हा. शेजारच्या मुलीने तर भीतीने तिच्या फोनवरून आधीच पुसला होता, हे अक्कांनीच साहेबांना सांगितलं. आता जगात फक्त माझी रील उरली होती. अक्का आपलाच आवाज मान वाकडी करून ऐकत राहिल्या. किडे, नातवंडं, पोरांचा भात. प्रश्न आला. आणि संपलं. त्या अजून थांबून होत्या, पुढचं ऐकायला.

"एवढंच आहे, अक्का," मी म्हटलं. गोड आवाजात म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं का? त्या नुसत्या गोंधळल्या होत्या. "आसं? मंग मीच इसरी गऊ," त्या म्हणाल्या. "म्हातारपन शे." आणि दारातून जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून — "मना पायी तुले बोलनं खानं पडनं, पोरी."

मी त्यांना पाणी दिलं, परतीच्या एसटीची वेळ सांगितली. मग जागेवर जाऊन कॉमेंटना उत्तरं देत बसले.

पुढचं ऐका, कारण तेही मीच केलं. काही महिन्यांनी जळगावला सरकारी पेज सांभाळणाऱ्यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. त्या रीलमुळे मला बोलायला बोलावलं होतं. मी माइक हातात घेतला आणि सांगितलं की नाव, नंबर, चेहरा पुरत नाही. माणूस आवाजावरूनही ओळखू येतो. आपल्या भागात तर बायका आवाजावरूनच ओळखल्या जातात, म्हणून रजिस्टरमध्ये चौथी चौकट हवी. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. टाळ्या पडल्या. मला पुष्पगुच्छ मिळाला आणि तो मी बसमध्ये मांडीवर धरून धुळ्यापर्यंत आणला, एक फूल चुरगळू दिलं नाही. तुम्ही हे कसं शिकलात, असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी छान सांगितलं असतं.

आता आमच्या रजिस्टरमध्ये चार चौकटी आहेत. चौथी मी पट्टीने आखली आहे. कंत्राट दोनदा वाढलं.

अक्का आता कांदे निंदायला जातात असं ऐकलं. मी त्यांना भेटायला गेले नाही. गाव एसटीने तासाभरावर आहे.

पण त्या गावाकडून तक्रारी अजून येतात. हापशाची, अंगणवाडीच्या दाराची. बायकाच पाठवतात, व्हॉइस मेसेज. आणि त्या भागातला प्रत्येक मेसेज एकाच तऱ्हेने सुरू होतो. मला आधी कळेना असं का. मागच्या सोमवारी एका बाईने सांगून टाकलं.

"पहिले आयकी ल्या साहेब, मनं नाव कोनले सांगू नका. अक्कानी बठ्ठास्ले सांगेल शे, हाई पहिले बोलानं, मंग तक्रार. अक्का इसरी गयी, तिनं काम गयं."

मी तो मेसेज पूर्ण ऐकला. रजिस्टरमध्ये चारही खुणा केल्या, सही केली.

अक्का विसरल्या नव्हत्या.